बोदवडचा भाचा

माझ्या मोहिनीला नऊ महिने पूर्ण झाले आणि तिची गोवराची लस दोनदा चुकली. दोन्ही वेळा उपकेंद्राला कुलूप. सुनंदाबाई सिस्टर एकट्या, गावं चार. त्या तरी कुठे कुठे पुरणार? मी मात्र पोरीच्या अंगावर घामोळं दिसलं तरी गोवर समजून मोबाइलवर फोटो ताडून बघत बसायची.

म्हणून सरकारी दवाखान्यांच्या पाहणीसाठी हितेंद्र नावाचा मुलगा टॅब घेऊन आमच्या ओट्यावर बसला, तेव्हा मला नाचावंसं वाटलं. जिथे लोकांचे हाल दिसतील तिथे दुसरी सिस्टर मिळणार होती. त्याने गल्लीतल्या बाया जमवल्या नि विचारलं, "उपकेंद्र वेळेवर उघडतं का?"

माझ्या सासूबाई, भिकुबाई, पदर सावरून म्हणाल्या, "बठ्ठं चांगलं शे, भाऊ."

"लस मिळते?"

"भेटस ना."

शेजारच्या शेवंताबाईंनीही 'सगळं चांगलं' अशी मान डोलावली. परवा त्याच कुलपाला शिव्या घालून आलेल्या शेवंताबाई.

चहाच्या निमित्तानं मी सासूबाईंना आत ओढलं. "आई, असं काय सांगताय?"

"पाहुना दारशी येल शे. त्याले काय रडगानं सांगू?"

बाहेर टॅबवर हिरव्या खुणा पडत होत्या. प्रत्येक खुणेसरशी आमची दुसरी सिस्टर लांब लांब चालली होती. चहा देताना, काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "दादा, तुम्ही कुठले?"

"बोदवडचा."

सासूबाईंची बशी ओठांशी थांबली. "कोना पोर्‍या तू?"

"कौतिक आबांचा नातू."

"अरे, मी ल्हान व्हती तवय तुन्ही आजी नि मी संगे पानी भरूत. मन्हं माहेर शे ते. मंग तू पाहुना कसाना? भाचा शे तू."

संपलं. माहेरच्या माणसापुढे बाई काय झाकून ठेवते? कुलूप निघालं, लस निघाली, बंद पंखा निघाला. शेवंताबाई म्हणाल्या, "ते बीपीनं मशीन बठ्ठासले एकच आकडा दखाडस. म्हैसले लावं तरी तोच आकडा ई."

"मावशी, हळू. आधीच्या खुणा पुसू द्या," हितेंद्र सासूबाईंकडे वळून म्हणाला.

"मावशी नही, आत्या म्हन," सासूबाईंनी दटावलं.

तेवढ्यात स्कूटीवरून सुनंदाबाईच आल्या. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, हेल्मेट काढलं नि खाली बसल्या. "माझंही लिहा. चार गावं, एक स्कूटी, तीही ढकलल्याशिवाय सुरू होत नाही."

मग कोण कुणाला आवरणार. मी तर हसून हसून खांब धरला.

"आनि हाई बी लिख," सासूबाई म्हणाल्या, "मन्ही सून पोरले रातदिन थर्मामीटर लावस."

"असा प्रश्न नाही यात, आत्या."

"मंग घाल."

शेवटचा प्रश्न उरला. "एकंदरीत समाधानी आहात का?"

सासूबाईंनी माझ्या कडेवरच्या मोहिनीकडे पाहिलं. "दुसरी सिस्टर आन. हिले सुई टोचू दे. मंग जेवाले ये, तवय सांगसू."