बनुबाई हयात आहेत का

प्रश्न साधाच होता. नगरला वकीलबाईंच्या ऑफिसात टेबलावर येसराची दोन पाकिटं शेजारी शेजारी पडली होती. दोन्हींवर ‘बनुबाईचा येसर’ असंच छापलेलं. भार्गवी मॅडमनी चष्मा वर सरकवला.

“बनुबाई हयात आहेत का?”

“म्हणजे काय! सकाळीच मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या,” रेश्मा म्हणाली. “सासूबाई माझ्या.”

“मग सोपं आहे. जिवंत माणसाचं नाव ब्रँडला लावायचं तर त्याची लेखी संमती मागतात. नोंदणी झाली की या दुसऱ्याला नोटीस काढू.”

दुसरं पाकीट रेश्माला शिर्डीत एका दुकानात लटकलेलं दिसलं होतं. दुकानदार उलट तिलाच म्हणाला होता, “ताई, यंदा तुमच्या येसराला पहिली चव नाही. गिऱ्हाईक नावं ठेवतंय.” बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, मिरची सगळं वेगवेगळं भाजून, दळून आमटीला लावायचं हे पीठ, कोल्हारच्या पत्र्याच्या शेडमधून तिनं ते दुकानादुकानांत पोचवलं होतं. आणि आता दुसऱ्याच्या कच्च्या भाजणीसाठी शिव्या तिनं खायच्या! पाकीट उलटून पाहिलं तर मागं पारनेरचा पत्ता. अजिनाथचा. म्हणजे नवऱ्याच्या सख्ख्या मामेभावाचा. दर पंचमीला साडी घेऊन येणारा, पुरणपोळी चापून खाणारा अजिनाथ.

नाव आपलं की त्याचं, एवढंच तिला ठरवून हवं होतं.

एवढंच.

*

“सही करायची न्हाई मी,” बनुबाई म्हणाल्या.

“आई, नाव तुमचंच आहे ना?”

“न्हाई.”

“मग कुणाचं?”

बनुबाईंनी गळ्यातला चांदीचा टाक पदराबाहेर काढला. त्यावर बाईची आकृती उठवलेली. रेश्मा इतकी वर्षं त्याला देवी समजून हात जोडत आली होती.

“हिचं,” बनुबाई म्हणाल्या. “माझी सवत. माझ्या आधीची.”

रेश्मानं नवऱ्याकडं पाहिलं. रंगनाथ टेम्पोच्या ताडपत्रीची घडी घालत होता.

“मला वाटलं तुला माहितीय,” तो म्हणाला.

*

आता हे नीट लावून घेऊ.

बनुबाई ही रेश्माची सासू.
बनुबाई ही रेश्माच्या सासूची सवत.
बनुबाई लग्नानंतर थोड्याच दिवसांत तापानं गेली.
त्याच घराच्या दारातून बनुबाई पुन्हा आत आली, कारण नव्या सुनेचं नाव ताटातल्या तांदळात लिहिताना घरच्यांनी जुनंच लिहिलं. घराच्या तोंडात बसलेलं नाव होतं.
मेलेल्या बनुबाईचे आईबाप पारनेरहून आले, जिवंत बनुबाईची ओटी भरली, म्हणाले, लेकीच्या जागी लेक. तिचं स्वतःचं माहेर तोवर उरलं नव्हतं.
तेव्हापासून पारनेर हे बनुबाईचं माहेर.
कुठल्या?

इथवर आलं की रेश्माचं डोकं गरगरायचं आणि ती पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायची.

*

“मॅडम, त्या वारल्यात,” तिनं फोन केला.

“अरे देवा! कधी?”

“लई आधी. म्हणजे ह्या नाही, त्या. ह्या आत्ता चहा पितायत.”

पलीकडं पेन ठेवल्याचा आवाज आला.

“रेश्माताई, माणूस एक तर जिवंत असतं, नाहीतर नसतं. नुकतं वारलेलं असेल तर वारसांची संमती मागतात. फार जुनं असेल तर प्रश्नच येत नाही. तुम्ही मला एक काहीतरी सांगा.”

“मग येसर कुणाचा?”

“ते मी तुम्हाला विचारायचं.”

येसर तर ह्यांचाच, जिवंतांचा. पहिलीला म्हणे पोळीसुद्धा धड लाटता यायची नाही, असं ह्याच आता सांगू लागल्या, मायेनं, जणू धाकट्या बहिणीबद्दल. पण नाव मात्र त्या ठामपणे आपलं म्हणेनात.

“मला ते ठेवायला दिलंय,” त्या म्हणाल्या. “ज्यांचं हाय त्यांच्या दारात जाऊन इचार.”

“म्हणजे ज्यानं चोरलं त्याचीच परवानगी मागू?”

“भाच्याला चोर म्हनू नको.”

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या जवळजवळ ओरडल्याच. “विचारायला जाल तर नाव त्याचं आहे हे कबूल केल्यासारखं होईल!”

रेश्मा गेली. नारळ, ब्लाऊजपीस, पिशवीत संमतीचा कागद, शेजारी सासूबाई. टेम्पोत आपण भांडायला निघालोय की सोयरिकीला, हे तिला पारनेर येईपर्यंत ठरवता आलं नाही.

*

अजिनाथ अंगणातच सापडला. त्यांना बघून त्याचा चेहरा पडला.

“वैनी, मी येनारच हुतो कोल्हारला.”

“कशाला? आणखी काही न्यायचं राहिलं होतं का?”

“टोमणा नका मारू. आमच्या वकिलानं सांगितलंय, बाई हयात हाय, तर तिची सही आना.” त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. अगदी रेश्माच्या पिशवीत होता तसाच.

“पण तुमची आत्या तर...”

“ही कोन मग?” त्यानं बनुबाईंकडं बोट केलं. “मला कडेवर घेऊन हिनंच फिरवलंय. माझ्या आईला येसर भाजायला हिनंच शिकवलं. आत्याचं नाव आत्याच्या येसराला लावलं, यात चोरी कुठली?”

रेश्मा मेलेल्या बाईचं नाव मेलेल्या बाईच्या माहेरी मागायला आली होती, आणि माहेरचे म्हणत होते ती जिवंत आहे.

तिनं भार्गवी मॅडमना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन बाजेवर ठेवला. अजिनाथनं सांगितलं, तिनं मध्ये तोडलं, त्यानं तिला तोडलं. शेवटी फोनमधून आवाज आला, “थांबा, थांबा. नाव बनुबाईंच्याच मालकीचं नोंदवता येईल. तुम्ही दोघं त्यांच्या परवानगीनं वापरायचं. पण दोन्हीकडचा माल एकसारखा हवा, आणि तो कसा हवा ते मालकीणबाई ठरवणार.”

“मालकीन न्हाई मी,” बनुबाई म्हणाल्या. “ठेवायला दिलेलं हाय. परत मागितलं तर द्यावं लागंल.”

अजिनाथ त्यांच्या पायाशी उकिडवा बसला. “आत्या, माहेरानं लेकीला दिलेलं कधी परत मागत्यात व्हय?”

बनुबाईंनी पदरानं तोंड पुसलं. डोळे पुसले की घाम, कळलं नाही.

“लावा मग,” त्या म्हणाल्या. “भांडायचं ते मी गेल्यावर भांडा.”

“असं काय बोलता, आई!”

“का गं? एकदा गेलेच की. कुनाचं काय अडलं?” आणि लगेच उठून त्या चक्कीच्या खोलीकडं चालू लागल्या. “अज्या, तुझी बाजरी आधी दाव. कच्ची भाजतोस आन् माझं नाव खराब करतोस!”

*

परतीच्या वाटेवर रेश्मा हिशेब लावत बसली. नाव वाचलं होतं. पण ते तिचं राहिलं नव्हतं, खरं तर आधीही नव्हतं. अजिनाथचा येसर उद्यापासून चांगला होणार होता आणि शेजारच्याच खुंटीला लटकणार होता. जिंकलो म्हणावं का? मॅडम तर अभिनंदन म्हणाल्या होत्या.

शेजारी सासूबाई पेंगत होत्या. रेश्माला एकदम वाटलं, आपण एवढी धावपळ केली आणि एक गोष्ट कुणी विचारलीच नाही.

“आई, तुमचं लग्नाआधीचं नाव काय होतं?”

बनुबाईंनी एक डोळा उघडला.

“कशाला? त्येबी पाकिटावर छापतीस व्हय?”

आणि त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला.