दोन शाळांचा एक बँड

विभागीय संगीत शिक्षण संघाची चिटणीस झाले आणि पहिलंच काम वाट्याला आलं ते अवघड. गावात दोन शाळा, दोन्हींचे बँड मोडकळीला आलेले. टेकडीवरच्या शाळेत फुंकणारी मुलं होती, पण ड्रम गळ्यात अडकवायला कुणी तयार नव्हतं. नदीकाठच्या शाळेत उलटं. ड्रमसाठी पोरं भांडायची आणि ट्रम्पेट कपाटात धूळ खात पडलेले. संघाच्या बैठकीत ठरलं की दोघांचा मिळून एक बँड करायचा. वाद्यांची दुरुस्ती संघ करेल, आणि शनिवारी दुपारी शिकवायला जुन्या शिक्षकांना बोलवायचं.

जुने शिक्षक म्हणजे टेकडीवरचे आमचे सर आणि नदीकाठच्या कर्नलबाई. कर्नल हे आम्ही पोरांनी ठेवलेलं नाव. बाईंची चालच तशी. या दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

आमच्या लहानपणी स्पर्धेच्या सकाळी दोन्ही बँड वाजवत गावातून फेरी काढायचे. एका वर्षी पुलाजवळच्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर आले. मी पहिल्या रांगेत, क्लॅरिनेट तोंडात. सर थांबले नाहीत, बाईही थांबल्या नाहीत. दोन बँड एकमेकांत घुसले, धून वेगळी, लय वेगळी. आम्ही पलीकडे निघालो तेव्हा आमचा एक ट्रम्पेटवाला त्यांच्या रांगेत सापडला होता आणि इमानेइतबारे त्यांचीच धून वाजवत होता. दुकानदारांची हसून मुरकुंडी वळली. सर आणि बाई मात्र त्या दिवसापासून एकमेकांशी बोलायचे बंद झाले. मला ती सकाळ आठवली की अजून जिभेवर क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावलेल्या पट्टीची लाकडी चव येते.

सरांच्या घरी गेले तेव्हा दार त्यांच्या सूनबाईंनी उघडलं. सर खिडकीपाशी बसले होते.

"चिमणी का?" त्यांनी विचारलं. सुरुवातीला माझं क्लॅरिनेट फार चिवचिवायचं, तेव्हाचं हे नाव.

मी सगळं सांगितलं. बाईंचं नाव अगदी शेवटी घेतलं.

"ती बाई ठेका पळवते," सर म्हणाले.

"मग तुम्ही धरून ठेवा."

सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "फुंकणारी पोरं कशी आहेत?"

"शिकवलं तर होतील चांगली."

तेवढ्यावर ते कबूल झाले. कर्नलबाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, "तुझे सर मार्चसुद्धा लेक सासरी निघाल्यासारखा वाजवतात, पाय निघत नाही. पण येते मी."

पहिले दोन शनिवार माझे हाल झाले. सर समोर काठी घेऊन उभे, बाई मागे ढोलापाशी, आणि निरोप्या मी. "चिमणे, त्यांना सांग, घाई कसली आहे?" "अगं, त्यांना म्हणावं, आज संपवायचं आहे ना?" मुलं तोंड दाबून हसायची.

तिसऱ्या शनिवारी बासऱ्या चुकून आधीच सुरू झाल्या. सर हात हलवत राहिले. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. पूर्वी असं झालं असतं तर सरांनी काठी आपटली असती. मला वाटलं, वय झालं, माणूस निवळला.

बाईंनी हात वर करून ड्रम थांबवले. तरातरा पुढे आल्या. आता जुंपणार म्हणून मी मध्ये जायला उठले, पण त्या सरांच्या अगदी जवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "बासऱ्या ऐकू येत नाहीत ना तुम्हाला?"

सरांनी काठी बोटांत फिरवली. "वरचे सूर गेलेत. घरी कुणाला सांगितलेलं नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. "मी ढोलापाशी आहे, तुम्हाला दिसते. बासऱ्या लवकर आल्या तर डावा हात उचलेन, रेंगाळल्या तर उजवा. ठेका तुम्ही द्या."

"आणि तुम्ही तो पळवणार नाही?"

"बघते प्रयत्न करून."

इतक्या वर्षांनी दोघं थेट बोलले होते. मी परत खुर्चीवर बसले. डोळे भरून आले होते, म्हणून उगाच खाली वाकून चपलेचा पट्टा घट्ट केला.

संघाच्या वार्षिक मेळाव्यात बँड वाजला. एकाच्या हातून झांज निसटली, दोन ट्रम्पेट शेवटी एकटेच पुढे गेले, पण धून पार पडली. सरांची नजर सारखी ढोलाकडे जात होती आणि बासऱ्या बरोबर जागेवर येत होत्या. मी मागच्या रांगेत होते. माझी बोटं आपोआप पर्सवर सूर दाबत होती. शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंनी विचारलं, "तुमचं कुणी आहे का त्यांच्यात?"

"आहे ना," मी म्हटलं. "ती दोन म्हातारी माणसं."

सभागृह रिकामं झालं तरी ती दोघं पुढच्या खुर्च्यांवर बसून होती. पुढच्या वर्षी काय वाजवायचं यावरून वाद रंगला होता.

"जरा चटपटीत काहीतरी घ्या हो, सर."

"पोरांचा श्वास पुरायला हवा, बाई."

पहारेकरी दारातून मला किल्ल्या दाखवत होता. मी त्याला हातानेच थांब म्हटलं आणि त्यांच्याजवळ खुर्ची ओढून घेतली.