बाबांचा चहा आणि माझी सुई

मी व्हिस्कोमीटर. नावाला घाबरू नका, काम सोपं आहे. पातळ-घट्ट पदार्थात माझा दांडा बुडवून फिरवायचा. पदार्थ त्याला जितका अडवेल, तितकी माझ्या तबकडीवरची सुई पुढे सरकते. पदार्थ पातळ असला तर बिचारी जेमतेम हलते.

प्रयोगशाळेत माझं तारुण्य रंग, डिंक आणि मलमं ढवळण्यात गेलं. काम झालं की पुसून ठेवत, तेवढीच माया. मग पडद्यावर आकडे दाखवणारं नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी कपाटात झाली. रुसलो होतो, खोटं कशाला बोलू?

तिथून मला बाहेर काढलं ते ताईने. ताई तिथली संशोधक. तिच्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि पातळ काही घशाखाली धड उतरेना, श्वासनलिकेत जाई. डॉक्टर म्हणाले, सगळं दाट करून द्या. बाबांनी बाकी सगळं सोसलं, पण चहा काही सुटेना. म्हणून ताईने चहा दाट करणारी पूड स्वतः तयार केली. ती घातलेला चहा नव्या यंत्रावर मोजला, दाटपणा हवा तेवढा भरला. घरी दिला, तर पहिल्याच घोटाला असा ठसका लागला की बाबा काळेनिळे पडले. त्यानंतर ते कपाकडे बघेनात. पाणीही नको म्हणू लागले. न पिता माणूस कसा जगणार?

चूक कुठे झाली ते ताईला कळेना. नवं यंत्र दुसऱ्यांच्या कामात अडकलेलं, म्हणून तिने मला काढलं आणि थर्मासमधला पूड घातलेला गरम चहा घाईघाईत तसाच ओतून माझा दांडा त्यात बुडवला. माझी सुई जागची हलेना. ताईने मला दोन टपल्या मारल्या. मला काय मारतेस बाई, म्हणालो, पण ऐकतंय कोण! चहा निवत गेला तशी सुई हळूहळू चढू लागली. तेव्हा ताईच्या ध्यानात आलं. आमच्याकडे नियमच होता, नमुना पंचवीस अंशांवर आणल्याशिवाय मोजायचा नाही. पोरीने इमानेइतबारे चहा गार करून मोजला होता आणि बाबांना दिला होता वाफाळता. गरम झाला की तो पातळ होत होता.

"अगं, गार चहा पितं कोण?" ती स्वतःलाच म्हणाली आणि रडली.

मग ती हात धुऊन पुडीच्या मागे लागली. गरमातही सैल न पडणारी पूड एकदाची जमली. प्रयोगशाळेच्या सरांनी मला भंगारात काढलंच होतं, ते म्हणाले, घेऊन जा घरी. नवा कोरा दांडा लावून मी तिच्या ओट्यावर आलो, मिक्सरच्या शेजारी.

पहिल्या दिवशी बाबा तोंड फिरवून बसले. ताईने त्यांच्यासमोर थोडा गरम चहा बाजूला काढून मोजला. सुई चढली आणि तिथेच थांबली. बाबा त्या सुईकडे बघत राहिले. मग त्यांनी कप ओढला. एक घोट घेतला. ठसका नाही. दुसरा घेतला. कप रिकामा करून जड जिभेने म्हणाले, "साखर कमी आहे."

ताई रडता रडता हसली. गोडी मोजणं काही माझ्या सुईला जमत नाही, ते, ताई आणि बाबा, तुमचं तुम्ही बघा. पण उभा जन्म डिंक ढवळलेल्या मला कुणाच्या तरी घोटाची राखण दिलीत, हे उपकार फिटायचे नाहीत. एकच मागणं आहे, पुसताना दांडा वाकवू नका. बाबांचा दुपारचा चहा अजून व्हायचाय.