विमानाच्या पंखाशेजारचे महाराज

त्या हिवाळ्यात टोकावड्याच्या ढाब्यामागच्या मोकळ्या शेतात पाय ठेवायला जागा नसायची. मुरबाडकडून येणाऱ्या एस्ट्या तिथे रिकाम्या व्हायच्या. मांडवात गादीवर गगनविहारी महाराज, आणि त्यांच्यामागे दाराएवढा, हार घातलेला फोटो. फोटोत ढगांवरून एक विमान चाललेलं आणि त्याच्या पंखाशेजारी, हवेत मांडी घालून, हेच महाराज.

"माळशेज घाटावरून उडत होतो, तेव्हा गोऱ्या पायलटनं खिडकीतून काढला," महाराज सांगायचे. "मला विचारतो, स्वामी, तिकीट? म्हटलं, बाळा, तिकीट आत बसणाऱ्यांना."

लोक हसायचे आणि हातही जोडायचे. मग तांब्यातलं पाणी वाटलं जायचं. ते म्हणे महाराज थेट ढगातून आणत. कुठल्याही रोगावर चाले. अट एकच, डॉक्टरच्या गोळ्या बंद. कारण गोळ्या माणसाला जमिनीकडे ओढतात. अशी शेंडी लावायलाही अक्कल लागते आणि ती त्या माणसाकडे भरपूर होती.

मी तेव्हा त्या भागात डॉक्टर होतो. तिथल्याच गुरं चारणाऱ्या पांडूची बायको रंभा माझ्याकडे क्षयाची औषधं घेत होती. खोकला कमी झाला होता, ती भाताच्या झोडणीलाही जाऊ लागली होती. महाराजांचं पाणी सुरू झालं आणि गोळ्या सुटल्या. थोड्याच दिवसांत थुंकीतून रक्त पडू लागलं. मी घरी जाऊन समजावलं, रागावलो, शेवटी हात जोडले. पांडू शांतपणे म्हणाला, "डाक्टर, तुमी नुसतं तोंडानं सांगता. त्यांचा फोटो हाय."

त्याच्या देव्हाऱ्यातली त्या फोटोची लहान प्रत मी मागून घेतली आणि शहापूरला कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या संघरत्ना बाईंना दाखवली. त्यांनी ती निरखून पाहिली आणि पांडूलाच घेऊन यायला सांगितलं.

पांडू आला तो महाराजांची बाजू मांडायला. बाईंनी वाद घातला नाही. क्लासमधली मुलं विमान चालवायचा एक खेळ खेळत, तो त्यांनी लावला. पडद्यावर तेच विमान, तसेच ढग. त्यांनी खेळ थांबवला, विमान फिरवून फोटोतल्यासारखं धरलं आणि पडद्यावरचं चित्र उचलून ठेवलं. मग पांडूला टेबलावर मांडी घालून बसवलं आणि डिजिटल कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढला. टेबल, भिंत पुसून टाकली, नुसता पांडू उरला. तो पंखाशेजारी नेऊन ठेवला. विमानावर ज्या बाजूने ऊन होतं त्याच बाजूने त्याचा चेहरा उजळ केला, कडा पुसट केल्या, अंगावर निळसर झाक चढवली. पांडू आभाळात होता.

"महाराज माळशेजवरून उडत होते ना?" बाईंनी विचारलं. "मग त्यांच्या फोटोत खाली बघा. घाट कुठे आहे?"

पांडू वाकून पाहत राहिला. ढगांच्या फटीतून नुसती सपाट हिरवी जमीन दिसत होती. त्या खेळाला आपला घाट ठाऊकच नव्हता. आणि जन्मभर त्या कड्याखाली गुरं चारलेल्या माणसाने इतके दिवस फक्त महाराजांचं तोंड पाहिलं होतं.

"म्हशाच्या जत्रंत फळीच्या विमानात बसून आमी फोटो काढलेला. रंभा नि मी," तो म्हणाला. "ते खोटं हाय, येवढं आमाला कळत व्हतं."

गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू केल्या. पण उशीर झाला होता. होळीच्या आधी रंभा गेली. मला त्या महाराजाचा आजही संताप येतो.

तिचं दिवसकार्य झाल्यावर पांडू मांडवात गेला. मीही मागे उभा होतो. त्याने बाईंनी छापून दिलेला आपला फोटो उंच धरला. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या धोंडाबाईंनी तो पाहिला आणि त्या पांडूच्याच पाया पडायला वाकल्या. महाराजांनी संधी सोडली नाही. माझ्या कृपेने हाही उडाला, असं ते गर्दीला सांगू लागले.

"उठ गो म्हातारे," पांडू म्हणाला. "मी कवा उडलो नाय. शहापूरला टेबलावर बसलेलो. ह्यांचं ऐकून बायकोच्या गोळ्या बंद केल्या, त्या मीच. तिला जाळून आलोय."

मांडव हळूहळू रिकामा झाला. सगळा नाही, काही जण पाण्यासाठी थांबलेच.

चमत्काराचा फोटो कुणी दाखवला तर तो कसा काढला, हे विचारा. विचारल्याने कुठलाही देव कोपत नाही. आणि चालू औषध बंद करायला सांगणाऱ्याला तर पहिल्याच दिवशी अडवा. रंभाचा आजार बरा होणारा होता.