बदकांच्या मोज्यातली बिअर

भांडणाचं मूळ आमच्या बाथरूममधल्या टबात होतं. तिथं मी घरीच आंबवत असलेल्या बिअरचं पिंप बसलं होतं. घरातली सगळ्यात गार जागा तीच, त्याला मी काय करणार? पण माझी बायको लोकांना पोहायला शिकवते. दिवसभर क्लोरीनच्या पाण्यात उभं राहून घरी आल्यावर तिला टबात गरम पाण्यात पडून राहायचं असतं, आणि टबात माझं पिंप बुडबुडे काढत बसलेलं. वर्षभर तिनं बादलीवर भागवलं. मग एक दिवस राठ झालेले केस टॉवेलात गुंडाळून ती स्वयंपाकघरात आली आणि तिनं निकाल दिला. सगळ्या मित्रमंडळींना बोलवायचं. बाजारातल्या आठ बिअर आणि माझी नववी, सगळ्या नावं झाकून चाखायला द्यायच्या. माझी पहिल्या तिनात आली तर पिंप टबातच राहील आणि ती त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. नाही आली तर पिंप भंगारात. पंच ती स्वतः.

शहाण्या माणसानं दोनदा विचार केला असता. मला मात्र नाचावंसं वाटलं. आजवर माझी बिअर ज्यांनी प्यायली ते सगळे माझ्या घरी, माझ्या खुर्चीत बसून प्यायले होते. त्यांच्या ‘वा’ला काय किंमत? आता खरं कळणार होतं, आणि मला ते कळायला हवंच होतं.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच. दहा जणांना बोलवायचं ठरलं होतं, मी तीस जणांना बोलावलं. फ्रिजमधलं दूध, भाज्या आणि सासूबाईंचं डोळ्यांचं औषध सगळं शेजाऱ्यांकडे पाठवून दिलं. खुर्च्याही त्यांच्याकडूनच आणल्या, तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं की आता आम्ही बसायचं कशावर. मी म्हटलं, आमच्याकडे या. असे ते पाच जण वाढले.

चाखायची पद्धत माझी स्वतःची. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत एकच प्रश्न विचारतो, ‘हे बरं की ते?’ माणसाला नऊ गोष्टींतली उत्तम कोणती ते सांगता येत नाही, पण दोनांतली बरी कोणती ते सांगता येतं. म्हणून प्रत्येकापुढे दोन-दोन घोट ठेवायचे आणि जी जास्त वेळा जिंकेल ती वर. रंगीत तालीम मी सासूबाईंवर केली, दोन कपांत दोन तऱ्हेचा चहा देऊन. त्या म्हणाल्या, “जावईबापू, दोन्ही पाणचट आहेत.” दुकानातही निम्मे लोक असंच काहीतरी सांगतात, त्यामुळे मी खचलो नाही.

बाटल्या झाकायला काय वापरायचं यावर बराच खल झाला आणि शेवटी मी माझे मोजे काढले. मोठ्या बाटलीवर मोजा अगदी चपखल बसतो. आदल्या दिवशी बायकोसमोर मी नऊ बाटल्यांना नऊ तऱ्हेचे मोजे चढवले. माझ्या बाटलीला पिवळ्या बदकांचा मोजा, कारण तो माझा लाडका. तिनं ते नीट पाहून घेतलं. एका बाटलीत मी दुकानातली सगळ्यात स्वस्त, कपडे धुवायच्याही लायकीची नसलेली बिअर मुद्दाम ठेवली होती. तिच्याशेजारी माझी उठून दिसेल हा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मी पेले घेऊन खोलीभर पळत होतो आणि ज्याच्या त्याच्या तोंडापुढे ‘हे बरं की ते’ करत होतो. आणि काय सांगू, बदकं जिंकत होती. शेजारीण घोट घ्यायच्या आधीच बदकांच्या पेल्याकडे बोट दाखवून मोकळी झाली. बेकरीवाल्यानं तर डोळे मिटून त्या बिअरला भाजलेल्या पावाचा वास येतो असं सांगितलं. माझे पाय जमिनीवर नव्हते. एकटा वकील तेवढा कुरकुरत होता. फुकटची वस्तूही उलटतपासणी केल्याशिवाय घेत नाही असा तो माणूस. बदकांची बिअर त्याला लागोपाठ दोनदा कुचकामी वाटली. मी मनात म्हटलं, गाढवाला गुळाची चव काय?

मग निकाल. बायकोनं मतं मोजली, बदकं पहिली आली आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघत टाळ्या वाजवल्या. मी मान लववून मोजा उपसला. आत ती कपडे धुवायच्याही लायकीची नसलेली बिअर होती.

टाळ्या थांबल्या. मी एकामागून एक मोजे उपसत गेलो. माझी बाटली निघाली अंगठ्याला भोक पडलेल्या करड्या मोज्यात, आणि करडा मोजा होता चौथा.

“सगळे मोजे मीच धुतले सकाळी,” सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. “पायातले मोजे पाहुण्यांपुढे ठेवतं का कुणी? वाळवून पुन्हा चढवलेही. एकही बाटली उघडी ठेवली नाही हो मी.”

त्यांच्यावर रागावणं शक्यच नव्हतं. धुवायला काढलेला मोजा कोणत्या बाटलीचा होता हे त्यांनी का लक्षात ठेवावं? हरलो ते हरलोच. चौथा म्हणजे चौथा. मी हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. तीस-पस्तीस माणसांसमोर मोजा हातात धरून रडायची वेळ आपल्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

बायको टेबलाला टेकून उभी होती. तिला आता काहीच करायचं नव्हतं. गप्प राहायचं, की टब तिचा. तिनं एकदा बाथरूमच्या दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“बदकांची मतं धरायची नाहीत,” ती म्हणाली. “मी काल सगळ्यांना फोन केले होते. बदकांची बिअर त्याची आहे, तिला वर काढा म्हणून सांगितलं होतं.”

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. बेकरीवाला पावाचा तुकडा निरखून पाहू लागला.

“अगं, पण पैज तूच लावलीस ना?” मी विचारलं.

“लावली. मग तू आठवडाभर लहान पोरासारखा घरभर नाचत होतास. तुझं पडलेलं तोंड मला बघवलं नसतं.”

वकील उठला. त्याला फोन आला नव्हता, कारण लबाडीच्या कामात त्याला कुणी घेतच नाही. त्यानं रीतसर सांगितलं की पहिला बाद झाला की मागचे एकेक पायरी वर सरकतात, म्हणजे करडा मोजा तिसरा. वर म्हणाला, “भोकवाल्या मोज्यातली मी मागून घेतली होती. दोनदा.” मी आनंदाच्या भरात त्याला उचललं आणि लगेच खाली ठेवलं, कारण तो जड आहे.

पैज मी जिंकलो होतो. पिंप टबातच राहणार आणि ती चकार शब्द काढणार नव्हती. तिनं खरोखरच काढला नाही. मुकाट्यानं पेले विसळायला लागली, आणि तिच्या राठ केसांकडे माझं लक्ष गेलं. मी बेकरीवाल्याला हाक मारली. खोट्या पावाच्या वासाचं त्याच्यावर माझं ऋण होतंच. पाहुण्यांमधून वाट काढत आम्ही पिंप बाहेर आणलं आणि सरळ माझ्या दुकानात नेलं. डोळे तपासायची खोली गार असते, अंधारीही असते. आता बुडबुडे वाजले की गिऱ्हाईक विचारतं हे काय, आणि मी म्हणतो, शेवटची ओळ वाचा.

परत आलो तेव्हा पाहुणे उरलेली बिअर संपवत होते आणि बाथरूमचं दार आतून बंद होतं. पाण्याचा आवाज येत होता. मी दाराला कान लावला.

“हे बरं की ते?” मी विचारलं.

“हे,” ती आतून म्हणाली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी मला विचार न करता उत्तर दिलं होतं.