खिळ्यावरची चावी

सन २००६च्या कार्तिकातली ही गोष्ट. कापसाच्या पडत्या भावाच्या बातम्या वाचण्याचाही लोकांना तेव्हा कंटाळा आला होता. आर्णीच्या बसस्थानकामागे, दोन खोल्यांत, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करणारी एक लहान संस्था होती. तिच्या खिडकीला गज होते, दाराला दोन कुलुपे होती. परंतु ज्या कपाटात चार हजार माणसांच्या रक्ताच्या नोंदी होत्या, त्याची चावी कॅलेंडरच्या खिळ्याला सर्वांदेखत लटकत असे. चोर बाहेरूनच येतो, अशी आपली जुनी समजूत आहे.

नोंदी सांभाळणाऱ्या रौशनने त्या सकाळी टेबल पुसले, तोच तुळसाबाई आल्या. सोबत अकरा वर्षांची रुपाली होती. डोळे पिवळसर, गुडघे सुजलेले.

"बसा मावशी. पोरीचं रगत घेऊन टाकू."

"रगत द्याले नाही आली. दुखन्याची गोळी द्या."

"तपासल्याबिगर कशी देऊ?"

"थोरलीचं तपासलं होतं नं तुम्ही." तुळसाबाईंचा आवाज चढला नाही. "उमरखेडचं स्थळ मोडलं. पोराकडचे म्हनते, पोरीच्या रक्तात दोष हाय. मले त तुम्ही कानात सांगतलं होतं, बाई. उमरखेडले कोनं सांगतलं?"

थोरली केवळ वाहक होती. तिला स्वतःला कसलाही त्रास नव्हता. वधू आणि वर दोघांच्याही रक्तात हा दोष असला, तरच संततीस या आजाराचा धोका संभवतो. वराचे रक्त तपासावे, असे मात्र कोणास सुचले नव्हते.

उत्तर थोड्याच वेळात स्वतः चालत आले. संस्थेचे संस्थापक धर्मपाल सर आले आणि त्यांच्यामागून त्यांचे साडू श्रावणजी, उमरखेडचे, सोयरिकी जुळवणारे. चहा आला. श्रावणजींनी खिशातून चिठ्ठी काढली.

"चार पोरीयचे नावं हायेत, साडूभाऊ. मागच्या खेपेसारखं पाहून सांगा. पुन्य लागन."

तुळसाबाईंनी मान वर केली. रौशन उठली, खिळ्यावरची चावी काढली आणि मुठीत धरून उभी राहिली.

"दे चावी, रौशन," धर्मपाल म्हणाले. "घरचेच हायेत."

"म्हनूनच नाही देत, सर."

"मी का पैसे घेतले कोनाचे? पोराच्या बापानं विचारलं, खरं ते सांगतलं. खोटं सांगाचं होतं का?"

"पोराचं रगत तपासलं होतं का त्याईनं?" रौशनने विचारले.

"पोराचं कायले तपासाचं?" श्रावणजी बशीत चहा ओतत म्हणाले. "पोरगा नौकरीवर हाय."

कोणी हसले नाही. धर्मपाल दुर्जन नव्हते. दहा वर्षे सायकलवर खेडोपाडी फिरून, आर्जवे करून, त्यांनीच या नोंदी जमवल्या होत्या. परंतु परक्याचा विश्वास मोडण्यापेक्षा आप्ताचा शब्द मोडणे आपल्याकडे मोठे पाप गणले जाते. आणि त्या हिशेबाने ते निर्दोष होते.

"लयच तोऱ्यात हाय तुमची बाई," श्रावणजी म्हणाले. "दुसरी भेटत नाही काय?"

"तेच म्हनतो मी," तुळसाबाई प्रथमच मध्ये बोलल्या. "या बाईले उद्या काढलं, त मंग चाबी कोनाजवळ?"

मुठीतली चावी रौशनला एकाएकी फार लहान वाटली. ती थकून खुर्चीवर बसली. मग तिने कोरा कागद ओढला आणि सावकाश लिहिले: ज्याचे रक्त, त्याच्या किंवा त्याच्या पालकाच्या लेखी संमतीवाचून ही नोंद कोणासही सांगितली जाणार नाही, संस्थापकांनीही सांगू नये. कागद तिने सहीसाठी सरांपुढे सरकवला.

धर्मपालांनी तो दोनदा वाचला. चहावर साय धरली. श्रावणजींनी चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

तुळसाबाईंनी रुपालीच्या फ्रॉकची बाही कोपरावर गुंडाळली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवला. त्यांची नजर टेबलावरच्या सुईकडे नव्हती. ती सरांच्या खिशातल्या पेनावर होती.