तीन खड्ड्यांचे दगड

निघायच्या आदल्या दिवशी अण्णा बाल्कनीत पेन्सिलींना टोक काढत बसले होते. १९९३चा एप्रिल होता. शांती नगरात त्या दिवशी पाणी भरपूर आलं होतं, त्यामुळे आई खुशीत होती. शेजारच्या उर्मिलाबेन दारातूनच म्हणाल्या, "काका, इस उमर में फिर पत्थर लाने जा रहे हो? मीरा रोड में कम हैं क्या?"

"पहले वाले क्या बोले थे, मैं ही भूल गया, बेन," अण्णा म्हणाले. त्या हसल्या. आईही हसली. मला हसता आलं नाही.

अण्णा, माझे वडील, भूवैज्ञानिक. नोकरीची शेवटची दोन वर्षं त्यांनी चंद्रपूरच्याही पलीकडे, एसटीच्या शेवटच्या थांब्यापासून अकरा किलोमीटर आत, एका टेकडीवर काढली होती. नकाशात तिला नाव नव्हतं, फक्त उंची लिहिलेली होती. तिथे चुनखडकाच्या भेगेत त्यांना बराइटची शीर सापडली होती. कधीकाळी जमिनीखालचं तापलेलं पाणी त्या भेगेतून वर आलं आणि निवताना हे पांढरं खनिज मागे ठेवत गेलं, असं ते सांगत. तेलाच्या विहिरी खोदताना त्याची पूड लागते. दिसायला खडूसारखं, पण हातात घेतलं की मनगट खाली जातं.

शिरेवर त्यांनी तीन खड्डे खणून घेतले होते. प्रत्येक दगडावर रंगाचा ठिपका आणि त्यावर काळ्या शाईत नंबर. वहीत त्या नंबरापुढे खड्डा आणि खोली. निवृत्त झाल्यावर ते दगड त्यांनी घरी आणून बाल्कनीत ठेवले होते, वजनं घ्यायची तेवढी राहिली होती. दक्षिणेच्या खड्ड्यातले दगड आकाराच्या मानानं जड निघाले, तर शीर टेकडीखाली पुढे जात असणार. हलके निघाले, तर ती तिथेच संपत असणार. अहवाल एवढ्यासाठी अडला होता.

आदल्या दिवाळीत मला बघायला पाहुणे येणार होते. बाल्कनीतल्या त्या काळपट ढिगाची मला लाज वाटत होती. मी दगड बाथरूममध्ये नेले आणि ॲसिड ओतून तारेच्या ब्रशनं घासले. बराइटला ॲसिडनं काही होत नाही, हे अण्णांनीच मला लहानपणी थेंब टाकून दाखवलं होतं. नंबर मला दिसले होते. पण ते वहीत आहेतच, मग दगडांवर कशाला हवेत, असं वाटलं. एकोणीस दगड पांढरे स्वच्छ झाले. अण्णांना वाटलं, मी ते नुसत्या पाण्यानं धुतले; पाण्यानं तो रंग जात नसे. पाहुणे चहा पिऊन गेले, त्यांचा नकार आला.

जानेवारीत अण्णांनी वजनकाटा काढला. एकेक दगड उलटसुलट करून भिंगातून बघितला. मग मला हाक मारली.

"संपदा, मी यांना नंबर घातलेच नव्हते का गं?"

"मला काय माहीत, अण्णा?"

त्यानंतर ते दूधवाल्याचा हिशेबसुद्धा चिठ्ठीवर लिहून ठेवू लागले. गॅस बंद केलाय का, हे दोनदा उठून बघत. मार्चमध्ये त्यांनी नंबर घालायचे राहिल्याचं ऑफिसला कळवलं आणि ठरवलं, जाऊन नवे दगड आणायचे. मी बॅग भरली. सांगायला सबंध तीन महिने होते माझ्याकडे.

टेकडीवर तिसऱ्या दिवशी त्यांना ऊन लागलं. मजुरांनी खाटेवर घालून थांब्यापर्यंत आणलं, तोवर सगळं संपलं होतं. फोन उर्मिलाबेनकडे आला.

तेराव्यानंतर काशीनाथकाका भेटायला आले. ते अण्णांच्याच ऑफिसातले. बराच वेळ जुन्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी चाचरत सांगितलं की तो अहवाल आता बाजूला ठेवतायत. नंबर घालायला विसरणाऱ्या माणसानं वहीत तरी नीट लिहिलं असेल का, असं वरच्यांचं म्हणणं.

आई खाली बघत होती. "विसरायला लागले होते हो. मला कळत होतं. तरी मीच जाऊ दिलं."

ते तिनं स्वतःवर घेतलेलं मला बघवेना.

"वही बरोबर आहे, काका," मी म्हटलं. "अण्णा काहीच विसरले नव्हते. आई, नंबर होते गं. मी ते घासून काढले. त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले."